पटसंख्या

शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. व्यवहारात नुसते ‘पट’ म्हणतात. पट म्हणजे हजेरी नव्हे. दाखल-खारीज नोंदवहीत चढलेले नाव साधारणतः शाळा सोडल्याचा दाखला दिल्यावरच उतरते, मग मूल रोज येवो वा न येवो.

या अर्थाच्या ‘पट’ शब्दाचा उगम दोन प्रकारे सांगता येतो : सं. पट (वस्त्र) किंवा सं. पट्ट (फळी, लेख कोरायचा पत्रा). चित्रपट, बुद्धिबळाचा पट हे शब्द पहिल्या पक्षाला जवळचे. चौकटी आखलेला हजेरीचा कागद अंथरलेल्या पटासारखा दिसतो, हेही खरे. पट्ट शब्दाचे मराठीत नेहमीप्रमाणे ‘पाट’ होते (पाट, पाटी), ‘पट’ नव्हे, ही दुसऱ्या पक्षाची अडचण. परंतु ताम्रपट्ट–ताम्रपट या जोडीत समासातील पट्टाचा ‘पट’ झालेला दिसतो, आणि तेथे अर्थही लिखित नोंदीचाच आहे. त्यामुळे पट्टाकडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

शिक्षण सक्तीचे झाले की शाळेत कोण नाही हेही मोजावे लागते. बडोदे संस्थानात अमरेली भागात १८९३ च्या सुमारास सक्तीचा प्रयोग झाला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या.

शिक्षकांची पदे पटावरून ठरतात. या प्रक्रियेला ‘संचमान्यता’ म्हणतात. ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी दीर्घकाळ आधार मानला गेला. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत २, ६१ ते ९० पटाला ३ व ९१ ते १२० पटाला ४ शिक्षक असतात. म्हणजे ६१ व्या मुलाने दाखला नेला की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरू शकतो व त्याचे अन्यत्र समायोजन होते. पट फुगवण्याचा मोह येतो तो येथे.

नांदेड जिल्ह्यात पटपडताळणी, म्हणजे पटावरील मुले शाळेत प्रत्यक्ष आहेत का याची तपासणी, झाल्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात ती राज्यभर एकाच वेळी झाली. मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला मतदानाची शाई लावली गेली. पटावरील सुमारे २० लाख विद्यार्थी तेव्हा आढळले नाहीत. हा आकडा ‘बोगस पट’ म्हणून गाजला, तरी त्यात केवळ त्या दिवशी गैरहजर असलेलेही असणार. दोन्ही एकच धरणे सावधपणाचे नाही. बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कुटुंबे बाहेर पडतात, मुलांची नावे मात्र गावच्या पटावर राहतात. आईवडील बाहेर असताना मुलांना गावातच राहून शाळेत जाता यावे, हंगामी वसतिगृहांची सोय त्यासाठीच आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये अत्यल्प पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला. वाडी-वस्तीवरील मुलांना पडणारे अंतर हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. पुढे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ (अनेक लहान शाळांची मिळून एक मोठी शाळा) ही कल्पना मांडली गेली. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुण्याजवळील पानशेत येथील शाळांचे दाखले त्यासाठी दिले जातात.