वाफेला टिकतो म्हणून पाण्याला टिकेलच असं नाही: झिओलाइट मागवण्याआधी एवढं वाचा

यूएसवाय हा वाय जातीचा झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन, अल्युमिनियम आणि ऑक्सिजनची सूक्ष्म छिद्रांची चौकट असलेला स्फटिक. आम्ही तो कॅटलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) म्हणून विकतो आणि पिशवीवर ‘वाफेत स्थिर’ असं छापतो. ते खरं आहे आणि छापणं आम्ही थांबवणार नाही. पण त्या दोन शब्दांवर विसंबून माल ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) पाण्याबरोबर जातो आणि आठवड्याने फोन येतो, ‘तुमचा लॉट खराब निघाला.’ उसाच्या चिपाडापासून फरफ्युरल काढणारे, साखरेच्या द्रावणावर प्रयोग करणारे, ग्लिसरीनवाले, सगळ्यांची तक्रार एकच असते. म्हणून हे पत्रक.

ग्राहकांचा हिशोब साधा असतो. इथून जवळ, वडोदऱ्याच्या कोयली रिफायनरीत एफसीसी युनिट (जड तेल फोडून पेट्रोलसारखी हलकी इंधनं काढणारा विभाग) आहे. तशा युनिटात वाय जातीचा झिओलाइट ७०० अंशांच्या आसपास वाफ खात फिरतो, मग २०० अंशांचं पाणी त्याला काय करणार? उकडीचा मोदक वाफेवर छान राहतो, तोच आधणात सोडून बघा.

वाफेत पाण्याचा मारा मुख्यतः अल्युमिनियमवर होतो. तो चौकटीतून निघतो, आम्लता कमी होते, पण सिलिकाची चौकट बरीचशी उभी राहते. यूएसवाय मुद्दाम असाच वाफ देऊन बनवतात. द्रव पाण्यात मात्र सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा बंधच तुटतो. सुरुवात होते ती चौकटीतल्या तुटक्या टोकांपासून, म्हणजे सिलॅनॉलपासून. अल्युमिनियम काढताना पडलेल्या भोकांच्या कडेला अशी टोकं भरपूर असतात. म्हणजे ज्या प्रक्रियेने माल वाफेला पक्का झाला, तिनेच पाण्याला वाट करून दिली.

आता ती चूक, जिच्यात तुमचे आणि आमचे सगळ्यात जास्त दिवस जातात: ‘सिलिका जास्त तेवढा माल मजबूत’ असं धरून सगळ्यात वरचा ग्रेड मागवणं. गरम पाण्यात वाय जातीचं उलटं आहे. सिलिकॉन-अल्युमिनियमचं प्रमाण (Si/Al) वाढत जातं तसा तो लवकर ढासळतो. प्रमाण १४ किंवा त्याहून जास्त असेल तर २०० अंशांच्या पाण्यात काही तासांत त्याचा स्फटिकपणा जातो. झेडएसएम-५ हा दुसऱ्या जातीचा झिओलाइट तेवढ्याच तापमानाला तेवढा वेळ सहज काढतो. त्याची छिद्रं अरुंद, साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची, त्यामुळे मोठा रेणू आत शिरत नाही हे मान्य. पण उभी राहिलेली अरुंद छिद्रं पडलेल्या रुंद छिद्रांपेक्षा बरी.

मागे एक गृहस्थ वापरलेला माल बाटलीत घेऊन आले. म्हणाले, ‘वजन करून बघा, फारसं कमी झालेलं नाही, मग गेलं काय?’ पावडर पांढरीच होती, फक्त बोटांत धरल्यावर किंचित चिकट लागली. एक्सआरडी (स्फटिकपणा दाखवणारी क्ष-किरण तपासणी) काढला तर टोकदार शिखरांच्या जागी एक बसकट उंचवटा. झिओलाइट गेला होता, सिलिका-अल्युमिनाचा चुरा उरला होता. गाळलेलं पाणी त्यांनी फेकून दिलं होतं. ते ठेवलं असतं तर तळाशी बसलेला सिलिकाचा साका त्यांना डोळ्यांनी दिसला असता.

पेलेट (गोळ्या) वापरणाऱ्यांनी बाइंडरही, म्हणजे पावडर बांधून धरणारा पदार्थही, विचारून घ्यावा. बाइंडर गॅमा अल्युमिना असेल तर २०० अंशांच्या पाण्यात त्याचा हळूहळू बोहमाइट (पाणी धरलेला अल्युमिना) होतो. पेलेट भुसभुशीत झाला की दोष झिओलाइटवर येतो. आणि पीएच जुळवायला कॉस्टिक सोडा टाकत असाल तर आधी आम्हाला फोन करा. कॉस्टिकने सिलिका विरघळते, कारखान्यात ती मुद्दाम काढायची असते तेव्हा तेच वापरतात.

आता आमच्या प्रश्नांबद्दल. मकरपुऱ्यातल्या या छोट्या शेडमध्ये फोन आला की भावाआधी आम्ही तापमान, तास, पीएच आणि पाणी द्रव की वाफ एवढं विचारतो. काहींना ही चौकशी वाटते. पण २०० अंशांला पाणी द्रव ठेवायला साधारण साडेपंधरा बार दाब लागतो, त्यामुळे नुसता दाब सांगितलात तरी आम्हाला अर्धं उत्तर मिळतं. वापरलेला माल आम्ही बदलून देत नाही. प्रत्येक लॉटचा नमुना मात्र राखून ठेवतो, शंका असेल तर तुमच्यासमोर तपासू.

मोठी ऑर्डर देण्याआधी ५० ग्रॅमचा नमुना न्या. नुसत्या पाण्यात, कच्चा माल न घालता, तुमच्याच तापमानाला आणि तुमच्याच तासांसाठी चालवा. मग आधीचा आणि नंतरचा एक्सआरडी शेजारी ठेवा. वायच हवा असेल तर सिलेनचा लेप देऊन देतो. त्याने पाणी चौकटीपासून दूर राहतं आणि माल जास्त टिकतो. लेपाचे पैसे वेगळे पडतात. एक पथ्य आहे: कोक (छिद्रांत साठलेला कार्बन) काढायला हा माल हवेत ५०० अंशांला भाजलात तर लेपही जळतो, आणि पुन्हा पहिले पाढे.

तक्रार असेल तर वापरलेला माल न भाजता, न धुता, ओलाच पाठवा. सोबत गाळलेलं पाणी वेगळ्या बाटलीत, आणि पिशवीवरचा लॉट नंबर.