जगाच्या भूगोलाची ऑनलाइन चाचणी : गुण कसे पाहावेत, चुका कशा शोधाव्यात
(कोल्हापुरातील आमच्या विद्यार्थी व पालकांसाठी)

पहिली चाचणी काहीही न वाचता द्या. आदल्या रात्री पाठ केलेल्या राजधान्या पडद्यावर चांगले गुण देतात, पण आपण कुठे कच्चे आहोत ते त्यात झाकले जाते.

चार पर्यायांच्या चाचणीत नुसते अंदाजाने बटण दाबले तरी ४० पैकी सरासरी १० उत्तरे बरोबर येतात. म्हणून चुकलेल्या उत्तरांचा एक तृतीयांश वजा करा. २८ बरोबर आणि १२ चूक असतील, तर हिशेबाला २४ धरा. सोडून दिलेला प्रश्न यात मोजू नका.

आमच्या मते नकाशावर देश दाखवायची चाचणी जास्त कस पाहते, कारण तिथे पर्याय वाचून आठवायची सोय नसते. ती शक्यतो संगणकावर द्या. लक्झेंबर्ग २,५८६ चौ. किमीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश. मोबाइलवर तो बोटाखालीच जातो. व्हॅटिकन तर रंकाळ्यापेक्षाही लहान. आधी नकाशा मोठा करा, मग बोट ठेवा. तरीही शेजारचा देश दाबला गेला, तर ती चूक वेगळी लिहा. ती अज्ञानाची नव्हे.

चुकांसाठी वहीत तीन रकाने आखा : काय विचारले, आपण काय उत्तर दिले, का चुकले. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका, सगळा उपयोग त्याचाच आहे. नावांची गल्लत सर्रास होते : नायजर आणि नायजेरिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया. ‘गिनी’ तर चार देशांच्या नावांत आहे. काँगो दोन आहेत आणि त्यांच्या राजधान्या, ब्राझाव्हिल व किन्शासा, एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. हे एकदा नकाशात पाहिले की पुन्हा विसरत नाही. दुसरी गल्लत मोठ्या शहराला राजधानी समजण्याची : सिडनी नव्हे कॅनबेरा, इस्तंबूल नव्हे अंकारा, लागोस नव्हे अबुजा (१९९१ पासून). तिसरे कारण जुने पुस्तक. स्वाझीलँड २०१८ पासून एस्वातिनी आहे. कझाकस्तानची अस्ताना २०१९ ते २०२२ नूर-सुलतान होती, आता पुन्हा अस्ताना. देशांची एकूण संख्या कुठे १९३, कुठे १९५ दिसेल : संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, व्हॅटिकन व पॅलेस्टाइन धरून १९५.

आकाराच्या प्रश्नांत नकाशाच चकवतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. घरी पृथ्वीगोल असेल तर तोच जवळ ठेवा.

अक्षांश लक्षात राहत नसतील तर आपल्या गावापासून सुरुवात करा. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला आहे. त्याच पट्ट्यात पूर्वेला म्यानमारचे यांगून, पश्चिमेला मालीतील टिंबक्टू आणि त्याही पलीकडे मेक्सिकोचे अकापुल्को येते. आपल्याकडे मोसमी पाऊस, टिंबक्टू मात्र सहाराच्या काठावर. अक्षांश एक असला तरी हवामान एक नसते, हेही त्यातच कळते.

चुकलेले प्रश्न तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा सोडवा, पण क्रम बदलून. एरवी उत्तराऐवजी क्रमच पाठ होतो.

परदेशी संकेतस्थळांवर जम्मू-काश्मीर व लडाखची सीमा वेगळी काढलेली असू शकते. परीक्षेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा वापरा.