आठवारी लोकर

आपली नऊवारी, तशी स्कॉटलंडची आठवारी. पारंपरिक किल्टला, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या निऱ्यांच्या घागऱ्याला, आठ वार, म्हणजे सुमारे ७.३ मीटर लोकरी कापड लागतं. पुढून सपाट, आणि उरलेलं सगळं निऱ्या होऊन मागे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या हायलँड भागातल्या डोंगरांत पाऊस, वारा आणि दलदल रोजचीच. तिथे उघड्या पायांनी हे घालून हिंडायचं म्हणजे वेडेपणाच वाटतो. पण ओली विजार मांडीला चिकटते आणि अंगातली ऊब ओढत राहते, उलट ओढा ओलांडून आलेली उघडी पोटरी चार पावलांत वाळते. वर निऱ्यांच्या घड्यांत हवा कोंडलेली असते, ती ऊब धरते.

खरी करामत लोकरीची. तिच्या तंतूवर खवल्यांचं आवरण असतं, त्यावरून पाण्याचे थेंब ओघळतात. आतलं केराटिन हे प्रथिन मात्र बाष्प पितं, स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश, तरी हाताला कापड ओलं लागत नाही. बाष्प तंतूत बांधलं जाताना उष्णता बाहेर पडते. कोरडी घोंगडी अंगावर घेऊन धुक्यात शिरलात, तर ती काही वेळ चक्क गरम होते.

एडमंड बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याने १७३०च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. त्या काळी किल्ट म्हणजे अंगभर गुंडाळायचं मोठं लोकरी वस्त्रच. कोरड्या, बोचऱ्या वाऱ्यात उघड्यावर झोपायची वेळ आली की हायलँडर ते ओढ्यात भिजवून घेत आणि त्यात गुरफटून झोपत! भिजलं की कापड दाट होतं, वारा शिरत नाही, हे कारणही बर्टने दिलंय आणि ते पटण्यासारखं आहे: ओला तंतू फुगतो, विणीतली छिद्रं बुजतात. पण हा सौदा महागाचा. एक लिटर पाणी वाळवायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी झोपणाऱ्याच्या अंगातूनच जाणार. मी तरी हा प्रयोग करणार नाही.

लोकरीलाही मर्यादा आहेत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने किल्ट जड होत, थंडीत काठ गोठून कडक होई आणि गुडघ्यामागची कातडी सोलून निघे. आजच्या भटक्यांना त्रास गोचिडांचा. त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. त्यामुळे झाडोऱ्यातून परतल्यावर गुडघ्यांच्या लवणीत आधी नजर टाकायची, मग चहा.