दोन नंबरचा रकाना

महाराष्ट्रात ज्याने कधी फ्लॅट विकत घेतलाय, त्याच्या कपाटात करारनाम्याच्या गठ्ठ्याला टाचलेला एक कागद असतो. वर ‘सूची क्र. २’ असं छापलेलं, बोलताना सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात. कर्ज काढताना बँक तो मागते, सोसायटीत नाव लावताना सेक्रेटरी मागतो. एरवी तो फायलीत पडून असतो.

या कागदावर चौदा रकाने आहेत. दुसऱ्यात ‘मोबदला’ आणि त्याच्या खाली तिसऱ्यात ‘बाजारभाव’. नावांवरून फसायला होतं. घेणाऱ्या-देणाऱ्यात घासाघीस होऊन जो आकडा दस्तात लिहिला जातो तो मोबदला. बाजारभाव मात्र सरकारी असतो. नोंदणी व मुद्रांक विभाग त्या त्या भागासाठी दरतक्ता काढतो, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, त्यावरून तो निघतो. मुद्रांक शुल्क या दोन्हींतल्या मोठ्या रकमेवर भरायचं.

‘घरांच्या किमती अमुक टक्क्यांनी वाढल्या’ अशी बातमी आपण वाचतो, तिच्यातले टक्के बऱ्याचदा या दोन नंबरच्या रकान्यातून आलेले असतात. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक राज्यांच्या नोंदणी कार्यालयांतल्या व्यवहारांवर बेतलेला आहे. २०१०-११ हे पायाभूत वर्ष धरलेली त्याची मालिका मुंबईसह दहा शहरांची होती. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ मध्ये रेसिडेक्स हा वेगळा निर्देशांक सुरू केला. तो आता पन्नास शहरांसाठी निघतो आणि त्याचा एक भाग बँका व गृहवित्त कंपन्यांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावर चालतो. एकाचा आधार दस्तातला आकडा, दुसऱ्याचा व्हॅल्युअरचा. दोघांचे टक्के जुळले नाहीत तर नवल वाटायला नको.

पण आकडे हाताशी असले तरी घरांचा भाव मोजणं कांद्याचा भाव मोजण्याइतकं सोपं नाही. लासलगावात एका क्विंटलच्या जागी दुसरा क्विंटल चालतो. घराचं तसं नसतं. समजा, एका तिमाहीत दहा घरं विकली गेली, आठ पन्नास लाखांची आणि दोन दोन कोटींची. सरासरी ८० लाख. पुढच्या तिमाहीत पाच पन्नास लाखांची आणि पाच दोन कोटींची गेली. सरासरी सव्वा कोटी. एकाही घराचा भाव रुपयाने हललेला नाही, पण सरासरी ५६ टक्क्यांनी वर गेली, कारण या खेपेला महागडी घरं जास्त खपली.

यावर एक उपाय असा, की तेच घर पुन्हा विकलं जाईपर्यंत थांबायचं आणि दोन विक्रींतला फरक बघायचा. अमेरिकेत कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी या पद्धतीवर निर्देशांक उभा केला. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. याच पद्धतीचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अॅमस्टरडॅमचं आहे. तिथे हेरेनग्राख्त नावाच्या कालव्याकाठी सतराव्या शतकातली घरं अजून उभी आहेत आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदीही जपलेल्या आहेत. पीट आइकहोल्त्झ या अभ्यासकाने त्यांवरून १६२८ ते १९७३ असा जवळपास साडेतीनशे वर्षांचा निर्देशांक बांधला. महागाई वजा केल्यावर दिसलं काय, तर एवढ्या काळात या घरांची किंमत जेमतेम दुप्पट झाली होती. मधल्या काळात ती कितीदा तरी वर गेली आणि आपटलीही. ‘जागेचा भाव कधी पडत नाही’ म्हणणारे एक काका प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटतात, त्यांना हा आलेख दाखवावासा वाटतो.

आपल्याकडे ही पद्धत अडखळते. पुण्या-मुंबईतली बरीच विक्री नव्या, पहिल्यांदाच विकल्या जाणाऱ्या फ्लॅटची असते. त्यात पुनर्विकास. चार मजली सोसायटी पाडून तिथे वीस मजली टॉवर उभा राहतो; पत्ता तोच, पण पहिल्या आणि दुसऱ्या विक्रीतली वस्तू एक नव्हे.

मग दुसरी वाट धरावी लागते. घर म्हणजे गुणांचं गाठोडं मानायचं आणि एकेका गुणाची किंमत सुटी करायची. क्षेत्रफळ किती, स्टेशनपासून अंतर किती, इमारतीचं वय, मजला, पार्किंग. हजारो व्यवहार संख्याशास्त्राच्या चाळणीतून काढले की प्रत्येक गोष्टीपोटी लोक किती जास्त मोजतात याचा अंदाज येतो. याला हेडॉनिक पद्धत म्हणतात. तिचं सैद्धांतिक बांधकाम शेर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये केलं, मात्र तिची सुरुवात मोटारींच्या किमती मोजण्यातून झाली होती.

मजल्याचंच बघा. टॉवरमध्ये बिल्डर वरच्या प्रत्येक मजल्यामागे फ्लोअर राइज, म्हणजे चढता जादा दर, लावतो. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत नेमकं उलटं: चौथा मजला म्हणजे गुडघ्यांचे हाल आणि पावसाळ्यात गळती, त्यामुळे तो स्वस्त. गणितात ‘मजला’ हा एकच रकाना ठेवला आणि लिफ्ट आहे का हे विचारलंच नाही, तर दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. मग उत्तर येतं की मजल्याने काही फरक पडत नाही, आणि हे तर कुठलाही एजंट हसत खोडून काढेल.

क्षेत्रफळाचा घोळ याहून मोठा. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप या तीन मापांनी आपल्याकडे एक पिढी घरं घेत आली. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लॉबी, क्लबहाउस यांतला वाटाही धरलेला, आणि तो किती धरायचा हे बिल्डरच्या मर्जीवर. १ मे २०१७ पासून रेरा हा बिल्डरांच्या व्यवहारांना नियम घालून देणारा कायदा पुरता लागू झाला, तेव्हा कार्पेटची व्याख्या पक्की झाली: आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडायची. ग्राहकासाठी हे चांगलंच झालं. पण जुन्या-नव्या दस्तांची तुलना करणाऱ्याला पाचव्या रकान्यातलं ‘क्षेत्रफळ’ कोणत्या मापाचं आहे हे दरवेळी तपासावं लागतं. ते न बघता काढलेला चौरस फुटाचा दर फुकट.

आता दोन नंबरकडे परत. या शब्दाचा दुसरा अर्थ वाचकांना सांगायला नको. व्यवहारातले काही पैसे रोखीत फिरले तर दस्तात लिहिलेला मोबदला खऱ्या किमतीपेक्षा कमी असतो. किती कमी लिहायचा याला सरकारी बाजारभाव हा तळ मिळतो, कारण मोबदला त्याच्या खाली १० टक्क्यांहून जास्त गेला तर आयकर खातं फरकाला उत्पन्न मानतं. म्हणून पुष्कळ दस्तांतला मोबदला रेडी रेकनरला चिकटून बसलेला दिसतो. गंमत अशी, की पुढचा दरतक्ता करताना विभाग झालेल्या नोंदींकडेही बघतो. म्हणजे लोक तक्त्याकडे बघून दस्त करतात आणि तक्ता दस्तांकडे बघून होतो.

मंदीत याच्या उलट होतं. बिल्डर दर उतरवत नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकांना कळलं तर ते दारात येऊन उभे राहतील. तो मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, नाहीतर मॉड्युलर किचन किंवा पार्किंग फुकट देतो. घेणाऱ्याला घर स्वस्त पडतं, पण मोबदल्याचा आकडा जागचा हलत नाही.

नववा आणि दहावा रकाना तारखांचे: दस्त केल्याची आणि नोंदणीची. कोविडच्या वर्षी त्यांनी छान गोंधळ घातला. राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुंबईतलं मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, आणि जानेवारी ते मार्च २०२१ साठी ३ टक्के ठेवलं. डिसेंबरात मुंबईत १९ हजारांहून जास्त घरांची नोंदणी झाली आणि तेजीच्या बातम्या सुरू झाल्या. प्रत्यक्षात अनेकांनी पुढे व्हायचा व्यवहार अलीकडे ओढला होता. शिवाय दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी केली तरी चालते. त्यामुळे ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरून ठेवलेले दस्त पुढच्या महिन्यांच्या आकड्यांत उतरले. महिन्यावार आलेख काढणाऱ्याने नववा रकाना घेतला की दहावा, यावर चित्र बदलतं.

भरपूर आणि स्वच्छ आकडे असले की प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेतल्या झिलो कंपनीकडे कोट्यवधी घरांची माहिती आणि त्यांच्या किमतींचा अंदाज बांधणारी गणितं होती. २०१८ पासून ती स्वतःच घरं विकत घेऊ लागली. २०२१ च्या एका तिमाहीत तिला हातातल्या घरांचं मूल्य ३० कोटी डॉलरहून जास्त खाली आणावं लागलं. नोव्हेंबरमध्ये तो धंदा बंद केल्याचं तिने जाहीर केलं आणि चौथाई कर्मचारी कमी केले. पुढचे काही महिने भाव कुठे जातील हे गणिताला नीट सांगता आलं नाही. दुसरी अडचण जुनीच आहे: घराची खोड मालकाला माहीत असते, संगणकाला नसते. कंपनीने किंमत कमी लावली तर मालक नाही म्हणतो, जास्त लावली तर लगेच सही करतो. कंपनीच्या गळ्यात पडतात ती नेमकी जास्त किमतीला घेतलेली घरं.

आपल्याला एवढं गणित लागत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू फुकट बघता येतात. घर घ्यायच्या आधी मी त्याच इमारतीचे, गेल्या दोनेक वर्षांतले जेवढे मिळतील तेवढे उघडतो. पहिल्या रकान्यात ‘बक्षीसपत्र’ असेल तर बाजूला. बापाने मुलीला दिलेल्या घरात मोबदला शून्य असतो. दुसरा आणि तिसरा आकडा हुबेहूब सारखा असेल तर तोही बाजूला. उरलेल्यांचं क्षेत्रफळ एकाच मापात आणायचं, चौथ्या रकान्यातून मजला आणि पार्किंग शोधायचं, आणि मगच भागाकार. वीस दस्तांतून सहा-सातच हाती लागतात. पण एजंटसमोर बसताना ते सहा-सात पुरतात.