होडीच्या डेकवर काय घालायचं: टिचबटणांचा कारपेट की चिकट फोम?

दुकानदार दोन्हींना ‘मरीन मॅट’च म्हणतो. फोटोतही दोन्ही सारखेच दिसतात, करड्या रंगाचे, कडेनं सुबक कापलेले. पण एक डेकवर टिचबटणांनी बसतो आणि हातानं उचलून घरी नेता येतो. दुसरा पाठीच्या गोंदावर एकदा चिकटला की वर्षानुवर्षं तिथंच राहतो. आपल्या बेळगाव-कारवार भागातल्या हिडकल, रेणुकासागर किंवा सुप्याच्या जलाशयात हौसेची छोटी होडी घालणाऱ्यानं हा फरक पैसे देण्याआधीच समजून घ्यावा, कारण चुकीची निवड वरून कळत नाही. ती खालच्या लाकडात कळते, आणि फार उशिरा. म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: खाली झिरपलेलं पाणी वाळणार कसं?

काढता येणारा चांगला कारपेट पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचा असतो. हा धागा स्वतः पाणी पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधे अडकतं आणि ऊन-वाऱ्यात निघून जातं. पाठीला रबराचा किंवा व्हिनाइलचा थर असतो. घरातल्या गालिच्याच्या पाठीला बरेचदा ताग असतो, तो ओला राहिला की कुजतो. त्यामुळे दिवाणखान्यातला जुना गालिचा कापून होडीत टाकणं मला पटत नाही. मंगल कार्यालयात अंथरतात तो पातळ कारपेट तर त्याहून वाईट. स्वस्त मिळतो, पण पाणी धरून ठेवतो आणि सुटा टाकला की पायाखालून सरकतो. डुलत्या होडीत पायाखालचं कापड सरकलं की लहान मूल किंवा म्हातारं माणूस थेट काठावर आपटतं.

चिकटवायचा फोम ईव्हीए या मऊ, रबरासारख्या प्लास्टिकचा असतो, त्याची गोष्ट वेगळी. त्यातली छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे पाणी आत मुरत नाही. साधारण ५-६ मिलिमीटरचा थर ओल्या पायाला चांगली पकड देतो, गुडघ्याला मऊ लागतो आणि बादलीभर पाण्यानं धुतला की स्वच्छ होतो. पण तो डेक गुळगुळीत असेल तरच नीट बसतो. खरखरीत नक्षी असलेल्या पृष्ठभागावर गोंदाला पुरेशी जागा मिळत नाही आणि कोपरे उचलायला लागतात. चिकटवण्याआधी डेक ॲसिटोननं पुसावा लागतो आणि चिकटवल्यावर निदान एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. काढायचा झाला तर गरम हवेचा झोत मारत इंच इंच सोलावा लागतो, वर गोंद खरवडायचं काम उरतंच.

निवड खरी ठरते ती डेक कशाचा आहे यावर. प्लायवूडचा असेल तर मी काढता येणारा कारपेटच घ्यायला सांगेन. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायमधला गोंद पाण्यात सुटत नाही, हे खरं. पण ओल सतत राहिली तर लाकूड शेवटी कुजतंच, त्यातही कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी. फोम खालून पाणी पीत नसला तरी त्याच्या कडेनं शिरलेलं पाणी फोम आणि लाकडाच्या मधे कोंडून राहतं. तिथं वारा नाही, ऊन नाही. कारपेट उचलला की लाकूड डोळ्यांना दिसतं, बोटानं दाबून बघता येतं. चिकटवलेला कारपेट मात्र या दोन्हींचे दोष एकत्र आणतो: पाणी धरतो आणि उचलताही येत नाही. तो कोणत्याही होडीत नको.

फायबरच्या होडीत हिशेब उलटतो. अनेक फायबर डेकच्या दोन थरांमधे प्लाय किंवा हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा असतो. टिचबटणांसाठी पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे त्या गाभ्याकडे जाणारी वाट. भोकात सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, नीट भरलं नाही तर पाणी आत उतरतं आणि डेक पायाखाली लचकायला लागतो, तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. डेक गुळगुळीत, उताराचा आणि पाणी वाहून नेणाऱ्या भोकांचा असेल तर इथं फोम सरस, कारण एकही भोक पाडावं लागत नाही. कारपेटच हवा असेल तर बटणं कमी ठेवा, भोकाचं तोंड आधी थोडं रुंद करा म्हणजे वरचा चकचकीत थर तडकणार नाही, आणि स्क्रू सीलंटमधे बुडवूनच पिळा. अॅल्युमिनियमच्या होडीवर डेक नव्यानं बसवणार असाल तर तांब्याच्या औषधानं मुरवलेलं लाकूड वापरू नका. ओल लागली की ते अॅल्युमिनियम खातं.

आपल्याकडचा पाऊस यात मोठा भाग घेतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात घरातले कपडे वाळत नाहीत, मग ताडपत्रीखाली जून ते सप्टेंबर उभी असलेली होडी कशी वाळेल? पहिल्या पावसाआधी कारपेट काढून, धुऊन, कडक वाळवून माळ्यावर ठेवता येतो. होडीचं पुढचं टोक वर, तळाचं बूच उघडं आणि ताडपत्रीच्या दोन्ही टोकांना वाऱ्यासाठी फट, एवढं केलं की डेक मोकळा श्वास घेतो. फोम घातलेला असेल तर कडा आधी तपासा. जिथं सुटलंय तिथं वाळवून परत चिकटवल्याशिवाय होडी झाकू नका.

उन्हाळ्यात प्रश्न मातीचा. एप्रिल-मेमधे जलाशयाचं पाणी मागे सरकतं आणि होडीपर्यंत चिखलातून चालत जावं लागतं. पश्चिमेकडची लाल माती वाळली की कारपेटमधून झटकून बरीचशी निघते, डाग मात्र राहतो. सौंदत्तीकडची काळी माती धाग्यांत घट्ट बसते, तिला पाण्याचा जोरदार झोतच लागतो. फोमच्या खाचांतली माती ब्रशनं निघते. चढण्याच्या जागी पाय धुवायला पाण्याची बादली ठेवणं दोन्हींना उपकारक. याच दिवसांत गडद रंगाचा फोम अनवाणी पायाला चटके देतो, म्हणून फोम घ्यायचा तर फिका करडा घ्या.

मासेमारीची आवड असेल तर कारपेटात गळ अडकतात आणि ते शोधताना बोटाला लागतात. इंजिन आणि पेट्रोलच्या टाकीजवळ तर कारपेट नकोच. सांडलेलं पेट्रोल त्यात मुरतं आणि वाफ बराच वेळ येत राहते. ठिणगीच्या शेजारी असं कापड ठेवायचं नाही. मागच्या भागात फोम किंवा वाळूचे कण मिसळलेला, पाय न घसरणारा रंग आणि बसायच्या भागात काढता येणारा कारपेट, अशी विभागणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. विणलेलं व्हिनाइल हा तिसरा पर्याय आहे. ते टिकाऊ असतं आणि टिचबटणांनीही बसतं, पण अनवाणी पायाला जरा टोचतं.

बटणांची कामं मोटारींची सीट कव्हरं शिवणारे कारागीर करून देऊ शकतात. कारपेटच्या कडेला पट्टीही तेच शिवतात. त्यांना बटणं स्टेनलेस स्टीलची हवीत हे आधीच सांगा. जलाशयाबरोबर कारवारच्या समुद्रातही होडी नेणार असाल तर स्टेनलेसमधला ३१६ ग्रेड मागा, तो खाऱ्या पाण्याला जास्त टिकतो; साध्या मुलाम्याची बटणं खाऱ्या पाण्यात गंजून अडकतात. काढताना कारपेटचा कोपरा ओढायचा नाही, बटणाशेजारी धरून सरळ वर उचलायचं. आणि होडी ट्रेलरवर घालून चोर्ला घाटातून किंवा पुणे-बेंगळूरु महामार्गानं नेणार असाल तर कारपेट गुंडाळून गाडीत ठेवा. वाऱ्यानं बटणं सुटून तो उडाला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाईल.