भुवईचा केस आणि सहा पेशी

परवा पेपरातून एक पत्रक पडलं. 'मुलांच्या मेंदूतील सुप्त जनुके जागृत करा!' दहा दिवसांचा वर्ग, फी आगाऊ. शेजारच्या काकू नातवासाठी विचारायला आल्या. म्हटलं, काकू, जनुक म्हणजे कुंडलिनी नव्हे. मग पडवीत बसून त्यांना एका किड्याची गोष्ट सांगितली.

पावसाच्या तोंडाला कलमांखाली आंबे कुजतात ना, तशा कुजक्या फळांवरचे जीवाणू खाऊन जगणारा हा सूत्रकृमी, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणलं. उभयलिंगी किड्यात चेतापेशी मोजून ३०२, आणि त्यातल्या फक्त सहांना हलका स्पर्श कळतो. तपासायचं कसं? भुवईचा केस काडीला चिकटवायचा आणि किड्याच्या डोक्यामागे हळूच फिरवायचा. धड किडा मागे सरकतो, बिघडलेला ढिम्म. असे ढिम्म किडे निवडून मार्टिन चॅल्फी या शास्त्रज्ञानं त्यांची बिघडलेली जनुकं शोधली.

जनुकं तर सगळ्या पेशींत तीच. मग या सहाच वेगळ्या कशा? 'अंक-८६' जनुकाचं प्रथिन आधी 'मेक-३' हे जनुक चालू करतं. मग दोन्ही प्रथिनं जोडीनं डीएनएवर बसतात आणि स्पर्शाला लागणारी बाकीची जनुकं चालू करतात. खरी गंमत पुढेच आहे. ही जोडी मेक-३च्या स्वतःच्या स्विचवरही बसते. कालच्या दह्यानं आजचं दही लागावं, तसं मेक-३ स्वतःला चालू ठेवतं. पेशी एकदा घडली की सुटली, असं नाही. आपण कोण हे तिला रोज नव्यानं विरजावं लागतं.

पण अंक-८६ तब्बल ५७ चेतापेशींत असतं आणि मेक-३ दहांत. मग स्पर्शपेशी सहाच का? उरलेल्या चारपैकी डोक्याकडच्या दोन पेशींत 'एगल-४४' नावाचं जनुक आडवं येतं. ते मोडलं, तर त्या दोन्हीही स्पर्शपेशींसारख्या होऊ लागतात. म्हणजे नुसतं चालू करून भागत नाही, कुठे बंद ठेवायचं तेही... इथे काकू भात उतरवायला उठल्या.

थांबल्या असत्या तर सांगितलं असतं की अंक-८६च्या भावकीतलं एक जनुक आपल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींनाही लागतं. ते बिघडलं, तर काही घराण्यांत वाढत्या वयात बहिरेपण येतं. समुद्रफुलातही, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या फुलासारख्या प्राण्यातही, हेच कूळ आहे. नेमॅटोस्टेला नावाच्या इवल्या समुद्रफुलात ते मोडून पाहिलं, तर दंशपेशी, म्हणजे डंख मारणाऱ्या पेशी, पुऱ्या तयारच झाल्या नाहीत.

ओहोटीला खडकातल्या डबक्यात समुद्रफुलाला बोट लागलं की ते चिकट वाटतं. ते याच दंशपेशींनी सोडलेल्या बारीक धाग्यांमुळे.