कास्टिंग गेटबाहेर गेलं, की पॅटर्न द्यायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाला बसलं की कुणीतरी टाकतंच, ‘जीपीएल नको भावा, कारखानदाराला आपला सगळा कोड जगासमोर मांडावा लागतो.’ नाही लागत. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. जीपीएल हे सॉफ्टवेअरचं एक लायसन्स, म्हणजे कोड दुसऱ्यानं कसा वापरायचा याची लेखी परवानगी.

एमआयटी हे तसंच दुसरं लायसन्स (कोथरूडच्या कॉलेजचा त्याच्याशी संबंध नाही). कोड घ्या, बदला, विका, कुलूप लावून ठेवा. मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तेवढा सोबत राहू द्या. बीएसडी लायसन्स जवळपास तेच. अपाचे २.० मध्ये पेटंटचं कलम जास्तीचं. झालं.

घोळ होतो तो जीपीएलमध्ये. फाउंड्रीत पॅटर्नवरून साचा करतात आणि साच्यात धातू ओतून कास्टिंग काढतात. माणसानं लिहिलेला सोर्स कोड म्हणजे पॅटर्न आणि चालणारा प्रोग्रॅम म्हणजे कास्टिंग, असं धरा. एमआयटीवाला म्हणतो, माझा पॅटर्न ने, त्यात फेरफार कर आणि खुशाल कपाटात दडवून ठेव. जीपीएलवाला म्हणतो, ने, फेरफारही कर. पण कास्टिंग ज्याला देशील त्याला तो फेरफार केलेला पॅटर्नही मिळाला पाहिजे.

सगळी मेख त्या ‘देशील’मध्ये आहे. जीपीएलचा प्रोग्रॅम बदलून शिरोलीच्या कारखान्यात दहा वर्षं चालवा, तुमच्याच कंपनीच्या गोकुळ शिरगावच्या युनिटमध्येही टाका. कुणाला एक ओळसुद्धा दाखवायची नाही. माल अजून गेटच्या आत आहे. बंधन लागू होतं ते प्रत दुसऱ्याच्या हातात गेल्यावर, आणि तेव्हाही सोर्स त्या गिऱ्हाइकाला दिला की पुरे. इंटरनेटवर टाकायची सक्ती नाही. पैसे घ्यायलाही आडकाठी नाही, लाखाला विका. मात्र गिऱ्हाइकानं तोच पुढे फुकट वाटला तर त्याचा हात धरता येत नाही. धंद्याचं खरं दुखणं हे आहे. भांडायचं तर यावर भांडा, मी ऐकून घेईन.

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलवालं लिनक्स होतं. राउटर दुकानात विकला जात होता, म्हणजे कास्टिंग गेटबाहेर. २००३ मध्ये लोकांनी पॅटर्न मागितला, कंपनीला द्यावा लागला, आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची खुली प्रणाली उभी राहिली. उलट मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बीएसडी लायसन्सवर होती. इंटेलनं ती आपल्या चिपांत बसवली आणि किती चिपांत, हे मूळ कर्ते टॅनेनबाउम यांना २०१७ मध्ये बातम्यांतून समजलं. त्यांनी भांडण काढलं नाही. नुसतं कळवलं असतं तरी बरं वाटलं असतं, एवढंच म्हणाले.

आता जॉबवर्कवाले, म्हणजे यंत्र आपल्याकडेच ठेवून गिऱ्हाइकाचं काम करून देणारे. प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर चालवायचा, गिऱ्हाइकानं दुरून वापरायचा. सर्व्हरवरची प्रत कुणाला दिलीच नाही, त्यामुळे जीपीएलला बोलायला जागा उरत नाही. ही फट २००७ च्या एजीपीएलनं बुजवली: बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर वापरणाऱ्यालाही सोर्स मिळायला हवा.

माझं मत विचाराल तर छोट्या लायब्ररीला (दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार कोडला) एमआयटी, आख्ख्या प्रोग्रॅमला एजीपीएल. आणि जीपीएलचा कोड मिसळला की आपल्या कोडलाही त्याच अटी चिकटतात म्हणून लोक वापरतात तो ‘व्हायरल लायसन्स’ हा शब्द माझ्या डोक्यात जातो. जीपीएलचा कोड रात्री चालत येऊन तुमच्या फोल्डरात झोपत नाही. तुम्हीच उचलून आणलेला असतो. त्याहून डोक्यात जातात ते लायसन्सची फाइलच न ठेवणारे. ‘ओपन आहे की!’ कसलं ओपन? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमही येतो; परवानगी दिली नाही म्हणजे परवानगी नाही.

फाउंड्रीच्या स्टॉकसाठी आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमला एजीपीएल आहे. परवा एकाला वाटलं, एमआयटी करू या. आत सहा जणांचा कोड आहे आणि ज्याचा त्याचा हक्क ज्याच्या त्याच्याकडे, म्हणजे सहाही जणांचा होकार हवा. पाच जण टपरीवर भेटतात. सहावा बेंगळुरूला गेलाय, फोन उचलत नाही.